कार्बन नॅनोपार्टिकल्स आणि एमटीटी: नवीन पीएचडीवाल्यांनी हे आधी वाचा

नॅनोट्यूब, ग्राफीन ऑक्साइड नाहीतर कार्बन डॉट्स हातात आले की गाइडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "एमटीटी करून टाक", म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून मोजणारी टेस्ट. सेल कल्चर, सीडिंग वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडते. पण या एका वाक्याने माझे कित्येक महिने खाल्ले म्हणून त्यावर जरा जास्तच लिहिणारे.

एमटीटीत जिवंत पेशी पिवळ्या डायपासून जांभळं फॉर्मझान बनवतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, जांभळं जास्त म्हणजे पेशी जिवंत. साध्या औषधाला हे चालतं. कार्बनचा भरवसा नाही. नॅनोट्यूबवर फॉर्मझानचे क्रिस्टल असे चिकटतात की सॉल्व्हंट टाकूनही सुटत नाहीत, रीडिंग पडतं आणि आपण लिहितो की पेशी मेल्या. जर्मनीतल्या एका गटाने २००६ मध्येच हे दाखवलंय, एमटीटी म्हणे विषारी आणि त्याच पेशींवर डब्ल्यूएसटी-१ (तशीच टेस्ट, पण रंग पाण्यात विरघळणारा) म्हणे सगळं ठीक. ग्राफीनचं उलटं, ते स्वतःच एमटीटीला रिड्यूस करू शकतं, म्हणजे पेशी नसलेली वेलसुद्धा (प्लेटमधला छोटा खळगा) जांभळी दिसेल. त्यात पार्टिकल्स मुळात काळे, प्रकाश शोषतात ते वेगळंच. माझा ग्राफ डोसप्रमाणे छान खाली उतरत होता आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मस्त पसरून बसलेल्या, विचारलं तर सगळे म्हणाले ग्राफ चांगला आलाय, पुढे चल.

पुढे जाऊ नका. प्रत्येक प्लेटवर पेशी नसलेल्या वेल ठेवा: नुसते पार्टिकल्स, पार्टिकल्स अधिक एमटीटी, आणि शक्य असेल तर आधी तयार केलेल्या फॉर्मझानमध्ये पार्टिकल्स टाकून रंग उतरतो का तेही बघा. जोडीला वेगळ्या तत्त्वावरची एक टेस्ट हवीच. एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजायची टेस्ट) घेताय तर एन्झाइमच पार्टिकलला चिकटतं का ते तपासा. कॉलनी मोजायची पद्धत वेळखाऊ आहे पण तिथे डायच्या रीडिंगचा घोळ नाही, मला तीच सगळ्यात प्रामाणिक वाटते. घाबरू नका, हे कंट्रोल्स त्याच प्लेटवर बसतात आणि पुढची दोन वर्षं वाचवतात.

आणि माझं ठाम मत, ज्या गाइडला फक्त एक्सेलची फाइल लागते आणि पेशी कधीच बघायच्या नसतात त्याच्याकडून टॉक्सिकॉलॉजी शिकता येत नाही.

पण याचा अर्थ कार्बन निरुपद्रवी असा काढलात तर तीही तितकीच मोठी चूक. लांब, ताठ मल्टीवॉल (अनेक थरांच्या) नॅनोट्यूब मॅक्रोफेजला, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशींना, पूर्ण गिळता येत नाहीत, अॅस्बेस्टॉससारखी जळजळ सुरू राहते. २००८ मध्ये उंदरांच्या पोटातल्या आवरणावर हे दिसलं, आणि २०१४ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) एमडब्ल्यूसीएनटी-७ या मल्टीवॉल नॅनोट्यूबला २बी गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करण्याची शक्यता असलेला. बाकीच्या नॅनोट्यूबसाठी पुरावा अपुरा म्हणून गट ३, सुरक्षित म्हणून नाही. तेव्हा लांबी, बनवताना उरलेलं लोखंड-निकेल, एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियातून येणारं विष) हे मोजल्याशिवाय "कार्बन नॅनोट्यूब" एवढंच लिहू नका. कोथिंबिरीपासून बनवलेले डॉट्ससुद्धा नीट डायलिसिस (पडद्यातून बारीक अशुद्धी काढून टाकणं) केल्याशिवाय पेशींवर टाकू नका, ग्रीन सिंथेसिस म्हणजे सेफ नव्हे. आणि कोरडी पावडर उघड्या बेंचवर कधीच वजन करू नका, नॅनोट्यूबसाठी अमेरिकेतल्या नायॉशची (कामाच्या जागची सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था) शिफारस केलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे.