कानाचं मशीन दुरुस्तीला देताना आणि परत घेताना

आधी नवा सेल घाला. सेलचा नंबर आणि स्टिकरचा रंग जुळतो का बघा: ६७५ निळा, १३ नारिंगी, ३१२ तपकिरी, १० पिवळा. स्टिकर काढून दोन-तीन मिनिटं थांबा, मगच बसवा. हा सेल हवेवर चालतो, त्याला हवा लागू द्या.

मग मोल्डची (कानाच्या मापाने बनवलेल्या, कानात बसणाऱ्या भागाची) नळी मशीनपासून सोडवा आणि उजेडात धरा. पावसाळ्यात आमच्याकडे कोकणात निम्म्या तक्रारी त्या नळीतल्या पाण्याच्या थेंबाच्या असतात. रबरी फुग्याच्या फुंकणीने हवा मारा, मळ काढा, नळी कडक-पिवळी झाली असेल तर बदलून घ्या. सोडवलेलं मशीन चालू ठेवून मुठीत झाका. शिट्टी वाजली तर मशीन जिवंत आहे, दोष बहुधा नळीत, मोल्डमध्ये किंवा कानात साचलेल्या मळात आहे. नाही वाजली म्हणून ते मेलं असं मात्र धरू नका, हल्लीची मशीनं शिट्टी स्वतःच दाबतात.

आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तांदळाची पूड माइकच्या भोकात बसते. हेअर ड्रायरही नको. सेलचं झाकण उघडं ठेवून सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डबीत रात्रभर ठेवा.

एवढ्याने भागलं नाही तर दुरुस्ती. इथे मी एकदा फार मोठी चूक केली. आईचं मशीन परत आलं, काउंटरवर आवाज आला, मी सही करून घरी आणलं. ताटली आपटली की आई दचकायची, पण समोर बसलेल्या नातवाचं बोलणं तिला कळेना. आतला भाग बदलला होता आणि तिच्या कानाप्रमाणे केलेलं सेटिंग परत घातलंच नव्हतं. ‘मला आता ऐकायचंच नाही’ म्हणून तिने मशीन कपाटात ठेवलं. दीड महिना ती घरात गप्प बसून होती.

म्हणून देतानाच ऑडिओलॉजिस्टकडून (ऐकणं तपासून मशीनचं सेटिंग करणाऱ्या तज्ज्ञाकडून) सध्याचं सेटिंग साठवून घ्या. पावतीवर सिरियल नंबर, डावं की उजवं (लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची), अंदाजे खर्च आणि दुरुस्तीची वॉरंटी लिहून घ्या. ‘चालत नाही’ एवढंच लिहू देऊ नका. अधूनमधून जाणारा आवाज दुकानात नेमका नीट येतो आणि मशीन तसंच परत मिळतं. त्यामुळे ‘घाम आला की अर्ध्या तासाने आवाज बसतो, पुसल्यावर परत येतो’ इतकं नेमकं लिहायला लावा.

परत घ्यायला एकटे कधीच जाऊ नका, ज्यांचं मशीन आहे त्यांना घेऊन जा. मशीन त्यांच्या कानात असतानाच संगणकाला जोडून सेटिंग करायला सांगा. मग तुम्ही समोर, एका हाताच्या अंतरावर बसा, तोंडापुढे कागद धरा आणि नेहमीच्या आवाजात ‘पाणी’, ‘राणी’, ‘सात’, ‘साठ’ असे जुळते शब्द म्हणा. ओठ दिसत असले तर माणूस ओठ वाचतो आणि आपली फसगत होते. शब्द चुकायला लागले तर सही करू नका, पुन्हा सेटिंग करून घ्या, कितीही उशीर झाला तरी. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) वर्षापेक्षा जुना असेल तर आधी नवा काढा.

‘हे आता दुरुस्त होत नाही, नवीनच घ्या’ असं ऐकलं तर लगेच पैसे काढू नका. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टला दाखवा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे कानाची तपासणी होते. जाताना जुनी पावती आणि ऑडिओग्राम सोबत ठेवा.