तूप करपू न देता कसं कढवायचं

तूप कढायला किती मिनिटं लागतात असं बरेच जण विचारतात, पण मिनिटांचं काही खरं नसतं हो, लोण्यात पाणी किती राहिलंय त्यावर सगळं. म्हणून आधी लोणी गार पाण्यात दोन-तीनदा धुवून ताक काढून टाका, पाणी नीट निथळू द्या आणि मग जाड बुडाचं पातेलं घ्या, अर्ध्याच्या वर भरू नका, फेस वर येतो.

लोणी ३५ डिग्रीच्या आसपास वितळतं, ते पटकन होतं. वेळ खातं ते आतलं पाणी. ते आहे तोवर पातेल्यातलं तापमान १०० च्या आसपासच अडकून बसतं, गॅस कितीही मोठा करा. १ ग्रॅम पाणी ० पासून १०० डिग्रीपर्यंत न्यायला १०० कॅलरी पुरतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला अजून ५४० लागतात, गॅसची बरीचशी उष्णता तिथेच जिरते. या वेळात मध्यम आच चालते, अधूनमधून ढवळा बस.

मग तडतड मंदावते. आता फोन बाजूला ठेवा!! पाणी संपत आलं की तापमान झपाझप चढतं आणि बुडाची पांढरी बेरी बदामी होते, अजून जरा थांबलात तर काळी. मी एकदा कुरियरवाल्याला ओटीपी द्यायला दारात गेले, परत येते तर कॉफीच्या रंगाचं तूप, आठवडाभराची साय वाया. तर आवाज कमी झाला की आच बारीक, आणि हवा तो रंग यायच्या जरा आधीच गॅस बंद, कारण बूड तापलेलंच असतं, रंग चढत राहतो.

शेवटी पाण्याचा हबका मारायची सवय असेल तर सोडा. पाणी तुपापेक्षा जड, थेंब खाली जातो, तिथे त्याची एकदम वाफ होऊन साधारण १६०० पट फुगतो आणि कढत तूप अंगावर उडतं. विड्याचं पान टाकणार असाल तर तेही कोरडं पुसून.

रवाळ हवं तर गाळून ओट्यावरच रात्रभर ठेवा, हलवू नका. हळूहळू गार झालं की कण मोठे होतात, फ्रीजमध्ये घाईने ढकललं तर तूप नुसतं गुळगुळीत थिजतं. तसं झालंच तर पूर्ण पातळ करून परत हळू गार होऊ द्या.

आणि बेरी फेकू नका प्लीज, कोमट असतानाच साखर घालून पोळीत गुंडाळा.