घरबसल्या लष्करी डॉक्टरांचा सल्ला : ‘सेहत ओपीडी’ कशी वापरावी

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावांत मुलगा सीमेवर आणि आईवडील घरी, हे नेहमीचंच. रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची की बदलायची, एवढंच विचारायला म्हाताऱ्या माणसांनी कशाला हेलपाटा घालावा? २७ मे २०२१ रोजी सुरू झालेली संरक्षण खात्याची ‘सेहत ओपीडी’ त्यासाठीच आहे. सेवेतले जवान, माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय, सगळ्यांना तिथे व्हिडिओवर डॉक्टर भेटतात.

१. कॉल लावण्याआधी तयारी करा. खरं काम इथेच आहे. ‘ती सकाळची पांढरी गोळी’ म्हटल्यावर डॉक्टरांना काहीच कळत नाही. म्हणून गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा, नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवा. ताज्या रिपोर्टचे फोटो काढा. रक्तदाब, साखर घरी मोजत असाल तर तारखेनुसार कागदावर लिहा. ॲलर्जी असेल तर सर्वांत वर लिहा.

२. ‘सेहत ओपीडी’च्या वेबसाइटवर मोबाइल नंबर टाका, ओटीपी भरा, रुग्णाची माहिती द्या, रिपोर्ट जोडा. टोकन आलं की लॉगिन करून रांगेत थांबा.

३. खिडकीकडे तोंड करून बसा, म्हणजे चेहरा नीट दिसतो. आईंना कमी ऐकू येत असेल तर सून किंवा नातवाने शेजारी बसावं. पण त्रास काय होतोय ते आईंनाच सांगू द्या.

४. चिठ्ठी ऑनलाइन येते. ती जपून ठेवा. औषधं कुठून घ्यायची, हे कॉल संपण्याआधीच विचारून घ्या.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं यात टोकनची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) यादीत नसलेल्या रुग्णालयात भरती करावं लागलं, तर ४८ तासांत योजनेच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे दवाखान्याला, कळवा.

मनावर ताण असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. सैनिकांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. झोप उडालीय, चिडचिड वाढलीय, एवढ्यावरही फोन करावा.

जवानांनी एक पथ्य मात्र पाळावंच. फिटनेस ॲपचं लोकेशन बंद ठेवा. २०१८मध्ये स्ट्राव्हा या फिटनेस ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उमटल्या आणि त्यावरून परदेशांतले लष्करी तळ ओळखू आले. डॉक्टरांशी बोलतानाही तब्येतीचं सगळं सांगा. तैनाती कुठे आहे ते सांगायची गरज नाही.