आमदार ‘आर्थिक शिस्त’ म्हणाले की काय विचारायचं

माझी नोकरी ट्रेझरीत झाली. तिथे मार्चएंडला घोषणा कुणी विचारत नाही, ‘ग्रँट आली का’ एवढंच विचारतात. त्यामुळे आमदारांचं भाषण ऐकतानाही माझं लक्ष पैसा कोणत्या हेडखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली, पडणार याकडे असतं. आधीच सांगून टाकतो, मोहोळजवळ आमची थोडी शेती आहे, पंप पाच एचपीचा आहे आणि त्याचं बिल शून्य येतं. म्हणजे मोफत विजेचा मी लाभार्थी. तरी या सवलतीचा पैसा कुठून येतो ते मी विचारतो, आणि कसं विचारायचं ते सांगतो.

‘शेतकऱ्याला वीज सवलत द्यावी असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न वाया घालवू नका. नाही म्हणणारा आमदार अजून जन्मायचा आहे. त्याऐवजी आकडा हातात घेऊन जा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ मोफत वीज आहे. लाभार्थी सुमारे ४४ लाख, वर्षाचा खर्च १४,७६० कोटी. भागाकार करा: पंपामागे सरासरी ३३ हजारांच्या वर. यातले ६,९८५ कोटी आधीपासूनच दरसवलत म्हणून जात होते, ७,७७५ कोटी नव्याने वाढले. तेव्हा प्रश्न असा ठेवा: ‘साहेब, हे नवे पावणेआठ हजार कोटी कुठून आणायचे? कर वाढवून, दुसरी कामं कापून, की कर्ज काढून?’ तीनपैकी एक उत्तर घेतल्याशिवाय माईक सोडू नका.

बहुतेक वेळा चौथंच उत्तर येतं: ‘राजकोषीय तूट मर्यादेत आहे.’ राजकोषीय तूट म्हणजे वर्षाचा खर्च भागवायला सरकारला काढावं लागणारं एकूण कर्ज. ती मर्यादेत आहे, हे खरं. राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांची रेघ आहे, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १,३६,२३५ कोटींची तूट तिच्या आतच दाखवली होती. पण त्याच कागदावर महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी होता. मधले ४५,८९१ कोटी ही महसुली तूट, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, सवलती यांसारखा चालू खर्च भागवायला काढलेली उसनवारी. धरणासाठी काढलेलं कर्ज आणि किराणा भरायला काढलेलं कर्ज यांत फरक असतोच ना? आर्थिक शिस्तीवर बोलणाऱ्या माणसाने आधी या तुटीवर बोलावं, एवढी माझी अट असते.

आता खरी जागा. आमदार काटकसरीचे आहेत की नाही हे मार्चच्या भाषणावरून ठरवू नका, पुरवणी मागण्यांच्या वेळी, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार जादा खर्चाला मंजुरी मागतं तेव्हा, ते काय म्हणाले ते शोधा. अर्थसंकल्पात तूट नीटनेटकी दिसते आणि चार महिन्यांत पुरवणी मागण्यांचं बाड येतं. जुलै २०२५ मध्ये ५७,५०९ कोटींच्या मागण्या आल्या. त्यांचा निव्वळ भार ४०,६४४ कोटी होता, कारण काही मागण्या नुसत्या हिशेबी समायोजनाच्या किंवा केंद्राच्या पैशांच्या असतात. म्हणून विरोधी बाकावरचा आमदार मोठा आकडा ओरडून सांगत असेल तर त्यालाही थांबवा आणि निव्वळ किती ते विचारा. मतदान बघायला जाल तर हाती काही लागणार नाही. हे सगळं बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतं, कुणी हो म्हटलं याची नावं लागत नाहीत. भाषण मात्र कामकाजाच्या वृत्तात राहतं, कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, दिली असेल तर तीही. काहीच सापडलं नाही तर तेच आमचे आमदार गप्प होते याचं उत्तर.

वीज खातं पाहायचं तर मुख्य शीर्ष २८०१ उघडा, व्याजासाठी २०४९. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची पुस्तकं असतात. टाइप बारीक आहे, चष्मा लागेल.

करांचं म्हणाल तर घरचं वीजबिल पुरेसं आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि खाली १६ टक्के वीज शुल्क. हे शुल्क महावितरणचं नाही, राज्य सरकारचं. म्हणजे सरकार एका हाताने विजेवर सवलत देतं, दुसऱ्याने विजेवरच कर घेतं. ‘कर कमी करू’ म्हणणाऱ्याला विचारा, हे १६ टक्के किती करणार? तसंच कारखाने आणि दुकानं जास्त दर भरून शेतीचा दर खाली ठेवतात. ही क्रॉस सबसिडी अर्थसंकल्पात कुठेच दिसत नाही, तिचा बोजा वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात असतो. उद्योग शेजारच्या राज्यात चालले म्हणून गळा काढणाऱ्या आमदारांनी हे दरपत्रक एकदा तरी वाचावं.

आणखी एक. विद्युत अधिनियम २००३ चं कलम ६५ म्हणतं, सरकारला सवलत द्यायची तर पैसे कंपनीला आगाऊ द्यायचे. सरकारने हात आखडला की कंपनी कर्ज काढते आणि त्याचं व्याज पुढे दरात येऊन बसतं. त्यामुळे ‘महावितरणला सवलतीचे किती पैसे वेळेवर मिळाले?’ हा प्रश्न मला ‘सवलत किती?’ यापेक्षा मोलाचा वाटतो.

मोफत वीज कायम राहील, असं छातीठोक सांगणाऱ्याला २००४ ची आठवण द्या. निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीची वीज मोफत केली. काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी पुन्हा निवडून आली आणि २००५ मध्ये विलासराव देशमुख सरकारने तीच योजना बंद केली. पंप असणाऱ्यांना हा धक्का नको असेल तर दिवसा चालणारे सौर फीडर, म्हणजे शेतीपंपांना सौर वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग आहे. वीज स्वस्त पडली तरच सवलतीचं ओझं उतरेल. आपल्या तालुक्यात सौर कृषी वाहिनीचे किती फीडर प्रत्यक्ष सुरू झाले, हे आमदारांना गावनिहाय विचारा. ‘प्रस्तावित’ किती, ते नको.

प्रश्न तोंडी विचारलात तरी लेखी द्या, पोच घ्या आणि तारांकित प्रश्न म्हणून, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल असा, लावा हा आग्रह धरा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात उत्तर हवं असेल तर दिवाळीच्या आधीच कागद त्यांच्या पीएकडे पोचवा, कारण सूचना बरीच आधी द्यावी लागते आणि दिवाळीत कार्यालयात कुणी भेटत नाही.