नागपूरहून परदेशी: तान्ह्या बाळासह लांबचा विमानप्रवास

नागपूरहून अमेरिकेला थेट विमान नाही, त्यामुळे बाळाला घेऊन निघालेल्या आईवडिलांना वाटेत किमान एकदा विमान बदलावेच लागते. हा बदल कुठे, किती वाजता आणि कोणत्या तिकिटावर होणार, यावर प्रवासातील निम्मा त्रास अवलंबून असतो. म्हणून तिकिटाची किंमत पाहण्याआधी बाळाच्या झोपेची आणि दुधाची वेळ पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

मात्र तिकिटाच्याही आधी कागदपत्रे हवीत. बाळ कितीही लहान असले तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि ज्या देशात व्हिसा लागतो तिथे व्हिसाही त्याच्याच नावाचा लागतो. आपल्याकडे बारसे थाटात होते, पण महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यात बाळाचे नाव चढवायचे राहून जाते. ते आधी नोंदवून घ्यावे आणि नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, हे अक्षर न् अक्षर तपासावे. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी आई व वडील या दोघांच्याही सहीचे घोषणापत्र द्यावे लागते. पुढे दोघांपैकी एकच जण बाळाला घेऊन जाणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्रही जवळ ठेवावे.

नागपुरातील सोनेगावच्या विमानतळावरून मुंबई किंवा दिल्लीला जाऊन पुढचे विमान पकडता येते, किंवा आखाती शहरात विमान बदलता येते. मार्ग कोणताही असला तरी संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. नागपूर ते मुंबई स्वस्तात वेगळे आणि पुढचे वेगळे असे तिकीट काढले, तर मुंबईत सामान पट्ट्यावरून उतरवून घ्यावे लागते, पुन्हा रांगेत उभे राहून ते जमा करावे लागते आणि प्रसंगी एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर जावे लागते. कडेवर बाळ आणि हातात चार पिशव्या असताना ही धावपळ फार जड जाते; शिवाय पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढच्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही. दोन विमानांमध्ये तीन-चार तासांचे अंतर असल्यास बाळाला पाजून, स्वच्छ करून, थोडे मोकळे खेळू देऊन पुढे निघता येते.

दोन वर्षांखालील मुलाचे तिकीट आईवडिलांच्या मांडीवर बसण्याच्या अटीवर निघते आणि बहुतेक कंपन्या आंतरराष्ट्रीय मार्गावर त्यासाठी मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण 10 टक्के रक्कम व कर आकारतात. परतीच्या आधी मूल दोन वर्षांचे होणार असेल, तर त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. पाळण्याची, म्हणजे बॅसिनेटची, सोय केवळ पुढे भिंत असलेल्या रांगांमध्ये असते आणि असे पाळणे मोजकेच असतात. तिकीट काढल्याबरोबर विमान कंपनीशी बोलून मागणी नोंदवावी, वजन व उंचीची मर्यादा विचारून घ्यावी आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा खात्री करावी. आम्ही ही शेवटची खात्री केली नाही. आमचे आसन बदलले गेले आणि रात्रभर लेकीला मांडीवर घेऊन बसावे लागले.

निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे बालरोगतज्ज्ञांना भेटावे. गोवराच्या लसीविषयी त्यांना आवर्जून विचारावे, कारण परदेशप्रवास असल्यास 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला ही लस लवकर देण्याचा सल्ला दिला जातो. सर्दी किंवा कानदुखी असल्यास तेही सांगावे. बाळ झोपावे म्हणून सर्दीचे औषध स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो आणि काही बाळे उलट अधिकच चिडचिडी होतात.

विमानात बाळ रडते ते बहुधा कानामुळे. विमान उतरू लागले की केबिनमधील हवेचा दाब वाढतो आणि लहान मुलांची कानातील नलिका अरुंद असल्यामुळे दडे बसून दुखते. गिळण्याची क्रिया झाली की ही नलिका उघडते, म्हणून उड्डाणाच्या वेळी आणि विशेषतः विमान खाली येऊ लागल्यापासून बाळाला अंगावर पाजावे, बाटली द्यावी किंवा वाटी-चमच्याने थोडे थोडे भरवावे. उतरण्याची सुरुवात चाके टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी होते, तेव्हा त्याआधीच बाळाचे पोट भरून टाकू नये.

हातातल्या सामानात तासाला एक या हिशेबाने डायपर आणि वर चार-पाच जादा, बाळाचे दोन व आईचा एक कपड्यांचा जोड, जुने सुती दुपटे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधे ठेवावीत. नागपूरच्या उन्हाळ्यातून निघालेले बाळ झबल्यावर असते आणि विमानात चांगलीच थंडी वाजते, म्हणून टोपी व मोजे वरच ठेवावेत. द्रवपदार्थांची 100 मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला व अन्नाला सहसा लागू होत नाही, मात्र ते तपासणीच्या वेळी वेगळे काढून दाखवावे. घरचे नाचणीसत्त्व नेताना त्या देशाचे सीमाशुल्काचे नियम आधी वाचावेत.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असते. पहिल्या काही रात्री बाळ मध्यरात्री खेळायला उठेल. तेव्हा दिवे मंद ठेवावेत, पाजून पुन्हा थोपटावे आणि सकाळ होताच त्याला बाहेर उजेडात न्यावे.