फॉरमॅट मारण्याआधी बायोस उघडा : डिस्क आणि विजेच्या सेटिंग्जमधील या चुका टाळा

उन्हाळी सुटी संपून शाळा उघडल्या की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मला एखाद्या तरी शिक्षकांचा फोन हमखास येतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोनवरून मी एका शाळेच्या संगणक कक्षात गेलो, तेव्हा बारापैकी पाच संगणकांच्या पडद्यावर निळ्या रंगात ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द दिसत होते. विंडोज उडाले आहे, सगळ्यांना फॉरमॅट मारावा लागेल, असे एका दुकानदाराने सांगितले होते आणि असेच बंद पडलेले आणखी दोन संगणक तो तसे करून परतही देऊन गेला होता. त्यांतल्या एका संगणकावर नववीच्या मुलांनी वर्षभर केलेल्या प्रकल्पांच्या फाइली होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

मी एका संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरलो. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले होते आणि साटा ऑपरेशन (मदरबोर्डने डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलावे) या ओळीपुढे ‘रेड ऑन’ निवडलेले होते. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल काढला आणि मल्टिमीटर लावला, तर ३ व्होल्टच्या जागी जेमतेम २.३ व्होल्ट दिसले. तेथेच सगळा उलगडा झाला. हे संगणक कंपनीकडून रेड मोडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्यासाठीच्या पद्धतीत, येतात. ज्याने त्यांवर विंडोज घातले, त्याने तेव्हा बायोसमध्ये एएचसीआय, म्हणजे सुट्या डिस्कची नेहमीची पद्धत, निवडले होते, पण ते कोठे लिहून ठेवले नव्हते. सुटीत कक्षाचा मेन स्विच दीड महिना बंद राहिला. प्लगमध्ये वीज असते तोवर बायोसचे घड्याळ पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर चालते आणि सेलवर भार पडत नाही, पण मेन बंद होताच सगळा भार त्या छोट्या सेलवर येतो. आधीच थकलेला सेल बसला, बायोसने कंपनीची डीफॉल्ट मूल्ये घेतली आणि एएचसीआयचे पुन्हा रेड झाले. विंडोज सुरू होताना ज्या ड्रायव्हरच्या भरवशावर डिस्क वाचते, तो एएचसीआयचा होता, आणि समोर आलेला कंट्रोलर (डिस्क सांभाळणारी चिप) मात्र वेगळी ओळख सांगत होता. डिस्क धडधाकट होती आणि तिच्यावरचे एक अक्षरही पुसले गेलेले नव्हते. सेल बदलून, तारीख लावून, मोड पुन्हा एएचसीआय केल्यावर पाचही संगणक नेहमीसारखे सुरू झाले.

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक ही की, संगणक सुरू होत नाही असे दिसताच बायोस न उघडता फॉरमॅटचा निर्णय घेणे. निळा पडदा आला आणि त्याच वेळी घड्याळ मागे गेलेले दिसले, तर आधी सेलचा संशय घ्यावा. नव्या बोर्डांमध्ये सेटिंग्ज बहुधा फ्लॅश चिपमध्ये राहतात, तरीही घड्याळाची वीज तुटल्याचे लक्षात आल्यावर अनेक बोर्ड डीफॉल्ट मूल्यांवर परत जातात. शंभर रुपयांच्या आत मिळणारा सेल पाच-सहा वर्षांच्या संगणकात न मागता बदलून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालू संगणकाचा साटा मोड मध्येच बदलणे

शाळेत जे सेलमुळे आपोआप घडले, ते पुष्कळ जण स्वतःच्या हाताने घडवतात. एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवली, कोणीतरी सांगितले की एएचसीआयमध्ये वेग चांगला मिळतो, म्हणून बायोसमध्ये जाऊन आयडीई (जुना मोड) किंवा रेडचे एएचसीआय केले आणि पुढच्याच क्षणी विंडोज सुरू होईना. सल्ला चुकीचा नाही. एकट्या डिस्कसाठी एएचसीआय हाच योग्य मोड आहे. चूक क्रमाची आहे. असे झालेच तर घाबरून काहीही पुसू नये. मोड पूर्वी होता तसा करावा, विंडोज पुन्हा सुरू होते.

नंतर बदल रीतसर करता येतो. विंडोजमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडून बूट या टॅबवर ‘सेफ बूट – मिनिमल’ निवडावे, संगणक रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जावे, तेथे एएचसीआय करून सेव्ह करावे आणि विंडोजला सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यावे. त्या वेळी विंडोज नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर स्वतः ओळखून लावते. त्यानंतर सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट केले की काम झाले. सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड आधीच हाताशी असू द्यावा.

मात्र दोन डिस्क खरोखरच रेडमध्ये जोडलेल्या असतील, तर या मोडला हात लावू नये. मोड बदलल्यावर जोडी सुटलेली दिसते, विंडोज ‘डिस्क इनिशियलाइझ करू का’ असे विचारते आणि घाईत ‘हो’ म्हणणाऱ्याची माहिती खरोखर संकटात सापडते. या प्रश्नाला, डिस्कवर काहीही मोलाचे असेल तर, उत्तर नेहमी ‘नाही’ असेच द्यावे.

विंडोज घालताना डिस्कच न दिसणे

अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून विंडोज घालायला बसलेल्या अनेकांना डिस्कची यादी रिकामी दिसते आणि नवी कोरी एनव्हीएमई डिस्क (वेगवान प्रकारची एसएसडी) खराब निघाली, अशी त्यांची समजूत होते. बहुतेक वेळा कारण व्हीएमडी हे असते. बायोसमध्ये ते चालू असले की डिस्क इंटेलच्या कंट्रोलरच्या आड जाते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरजवळ नसेल, तर त्याला ती दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन तो पेनड्राइव्हवर उलगडून ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो द्यावा, किंवा सर्व काही नव्यानेच घालायचे असेल तर व्हीएमडी बंद करावे. दुसरा मार्ग सोपा आहे, पण कंपनीने घालून दिलेले विंडोज त्याच डिस्कवर ठेवायचे असेल तर तो धरू नये, नाहीतर वर सांगितलेला निळा पडदा येथेही येईल. विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्सची एक आवृत्ती) घालणाऱ्यांनी आधी सेफ मोडच्या मार्गाने विंडोजला एएचसीआयवर आणावे, मगच उबुंटूचा इन्स्टॉलर सुरू करावा.

येथेच बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची, गोष्ट सांगणे भाग आहे. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क कूटबद्ध होते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमधील बदलांनंतर असा लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण ते खाते दुकानातल्या मुलाने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडून दिलेले असेल, तर ती मिळवणे फार कठीण होते. की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसमध्ये काहीही बदलू नये, हा नियम मी स्वतः कधीही मोडत नाही.

लिगसी आणि यूईएफआय यांची अदलाबदल

विंडोज ११ साठी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत; जुनी ती लिगसी) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) लागते हे समजल्यावर थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुनी लिगसी पद्धत चालवणारी सोय) बंद करणारे लोक पुष्कळ भेटतात. लिगसी पद्धतीने घातलेले विंडोज एमबीआर या पार्टिशनच्या जुन्या आराखड्याच्या डिस्कवर असते, आणि सीएसएम बंद झाल्यावर ती डिस्क बूटच्या यादीतूनच नाहीशी होते. आधी डिस्क जीपीटी या नव्या आराखड्यावर आणावी आणि मगच बायोसमधील मोड बदलावा. त्यासाठी २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीबरोबर ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन विंडोजमध्येच आले. ते माहिती न पुसता रूपांतर करते, मात्र त्या डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देते. बॅकअप तरीही घ्यावाच. एमबीआरची दुसरी मर्यादा म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या हिशेबात तो आराखडा २ टीबीच्या पुढची जागा वापरू शकत नाही. चार टीबीची डिस्क घेऊन निम्मी गायब झाल्याची तक्रार करणाऱ्यांनी दुकानदाराशी भांडण्याआधी हे तपासावे.

एम.२ डिस्क (मदरबोर्डवर थेट खोचायची) बसवल्यावर जुनी साटा डिस्क दिसेनाशी झाली, तर मदरबोर्डचे मॅन्युअल पाहावे. बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा स्लॉट आणि एखादा साटा पोर्ट एकाच मार्गावर असतात. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावली की डिस्क परत येते. बायोसमधला हार्ड डिस्क पासवर्ड मात्र सहज म्हणून लावू नये. तो डिस्कच्या स्वतःच्या आत साठवला जातो, सेल काढल्याने जात नाही आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली तरी सुटत नाही.

वीज परत आल्यावर संगणकाने काय करावे

‘रीस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ या पर्यायाकडे शहरात फारसे कोणी पाहत नाही, पण जेथे भारनियमन आहे किंवा पावसाळ्यात दिवसातून दहा वेळा वीज जाते, तेथे डिस्कचे आयुष्य काही अंशी या एका ओळीवर ठरते. पर्याय तीन असतात : बंदच राहणे, आपोआप सुरू होणे आणि वीज गेली तेव्हाच्या स्थितीत परत जाणे. कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारा संगणक आपोआप सुरू व्हावा म्हणून दुसरा पर्याय निवडला जातो, आणि मग वीज लपंडाव खेळते तेव्हा तो सुरू होतो, अर्ध्यावर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कला आणि फाइल सिस्टिमला याहून वाईट वागणूक दुसरी नाही. संगणक आपोआप सुरू होणे खरोखर आवश्यक असेल तर त्याच्या मागे यूपीएस असलाच पाहिजे. घरच्या आणि शाळेच्या संगणकाला ‘पॉवर ऑफ’ हेच मूल्य ठेवावे, म्हणजे वीज स्थिरावल्यावर माणूस स्वतः बटण दाबेल.

याच्या शेजारी ईआरपी नावाची ओळ असते. बंद उपकरणाने किती वीज खावी याची मर्यादा युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने घातली. संगणकांसारख्या उपकरणांना ती २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट झाली. ईआरपी चालू केले की बंद संगणकाची स्टँडबाय वीज जवळजवळ तोडली जाते, आणि त्याबरोबर नेटवर्कवरून संगणक सुरू करणे, कीबोर्डने जागे करणे, ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणे आणि बंद संगणकाच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज करणे या सोयीही जातात. ‘वेक ऑन लॅन’ सगळे लावूनही चालत नाही, म्हणून नेटवर्क कार्ड बदलण्यापर्यंत गेलेल्यांनी आधी ही ओळ पाहावी. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही त्या कामात आड येते.

झोप नीट न लागणे

संगणक झोपवला तरी पंखा फिरत राहतो, ही तक्रार जुन्या डेस्कटॉपवर नेहमीची आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात झोपेच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. एस१ मध्ये प्रोसेसर थांबतो, पण बाकीची वीज चालूच असते, तर एस३ मध्ये केवळ रॅम जिवंत राहते. बायोसमध्ये एस१ निवडलेले असेल तर ते एस३ करावे. बोर्डाने कोणत्या पायऱ्या विंडोजला देऊ केल्या आहेत, हे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेला ‘ए’चा पर्याय जोडला की दिसते. एस३ मध्ये वीज गेली तर रॅममधले न साठवलेले काम जाते, त्यामुळे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हायबरनेट (रॅममधले काम डिस्कवर लिहून बंद होणे) किंवा विंडोजची हायब्रिड स्लीप (काम डिस्कवर लिहूनही झोपणे) अधिक सुरक्षित असते. नव्या लॅपटॉपवर बहुधा एस३ नसतेच. त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय असते, ज्यात यंत्र अधूनमधून जागे होत राहते. पिशवीत ठेवलेला लॅपटॉप तापून बॅटरी उतरलेली आढळत असेल, तर झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावे अशी सोय विंडोजमध्येच करावी.

वीजबचतीचे सगळे पर्याय एकदम बंद करणे

वेग वाढेल या आशेने सी-स्टेट (रिकाम्या प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) आणि स्पीडस्टेप (कामानुसार प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारी सोय) सरसकट बंद करण्याचा सल्ला सर्वत्र फिरतो. दैनंदिन कामात त्याने जाणवेल असा वेग वाढत नाही, वाढते ते रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचे तापमान आणि विजेचे बिल. एका ठरावीक दोषासाठी मात्र हा उपाय खरा आहे. २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून सर्वांत गाढ झोपेत प्रोसेसर १२ व्होल्टच्या वाहिनीवरून केवळ ०.०५ अँपिअर इतका प्रवाह घेऊ शकतो, आणि काही जुन्या पॉवर सप्लायना इतका कमी भार सांभाळता येत नाही. काम चालू असताना ठणठणीत असलेला संगणक रिकामा बसला की बंद पडत असेल, तर सी६ आणि सी७ एवढेच बंद करून पाहावे. एएमडीच्या सुरुवातीच्या रायझेन प्रोसेसरांसाठी बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असते, ते ‘टिपिकल करंट आयडल’ करावे. एसएसडी मध्येच काही सेकंद अडकत असेल तर साटाची लिंक पॉवर मॅनेजमेंट, आणि एनव्हीएमई डिस्क मधूनच नाहीशी होत असेल तर एएसपीएम (पीसीआय एक्सप्रेस जोडणीची वीजबचत) बंद करून दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही.

प्रत्येक बदलाआधी बायोसच्या सर्व पानांचे मोबाइलवर फोटो काढावेत. ‘लोड ऑप्टिमाइज्ड डीफॉल्ट्स’ हा पर्याय निरुपद्रवी वाटतो, पण तो साटा मोड, बूटचा क्रम आणि विजेची वर्तणूक हे सगळे एकाच फटक्यात बदलतो. बायोस अपडेट केल्यानंतरही असेच होऊ शकते, आणि ते अपडेट यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर कधीही करू नये.

त्या शाळेत उरलेल्या सात संगणकांचे सेलही मी त्याच दिवशी बदलले. प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने तीन ओळी लिहिल्या : साटा – एएचसीआय, वीज परतल्यावर – बंद, आणि सेल बदलल्याची तारीख. पुढच्या जूनमध्ये तेथील शिक्षकांचा फोन आला, तो प्रिंटरबद्दल होता.