अंशाखालचा छेद : उपकेंद्रात राहून शिकलेले साथरोगशास्त्र

गडचिरोली जिल्ह्यातील एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका आहे. साथरोगशास्त्राची, म्हणजे आजार कोणाला, कुठे, किती प्रमाणात आणि का होतो हे शोधण्याच्या शास्त्राची, मूलतत्त्वे मी मोबाइलवर शिकले, आणि या अभ्यासाकडे वळण्याचे कारण माझ्याच हातून झालेली एक चूक होती. रोवणीच्या दिवसांत एका मोठ्या गावात जुलाबाचे १२ रुग्ण निघाले आणि त्याच्या टोल्यावर, म्हणजे गावाला जोडलेल्या लहान वस्तीत, ६. साहजिकच मी आधी मोठ्या गावात धावले व टोल्यावर दोन दिवस उशिरा पोहोचले. पुढे हिशेब केला तेव्हा कळले की गावाची वस्ती सुमारे १,२०० आणि टोल्याची अवघी ३००. म्हणजे गावात शंभरात एक जण आजारी होता आणि टोल्यावर दोन. मी केवळ अंश पाहिला होता, छेद पाहिलाच नव्हता.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा साथरोगशास्त्राचा स्वयंअध्ययनाचा पाठ्यक्रम आधी घ्यावा, असे माझे मत आहे. त्यात सहा धडे आहेत, तो विनामूल्य आहे, आणि त्याची पीडीएफ एकदा उतरवून घेतली की नेटवर्क नसलेल्या गावातही वाचता येते. व्हिडिओवर चालणारे अभ्यासक्रमही चांगले असतात, परंतु पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले की ते अर्ध्यावर राहतात. इंग्रजीची धास्ती मलाही होती. मी एक दोनशेपानी वही केली, डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा देवनागरीत लिहिली आणि उजव्या पानावर तिचा अर्थ आपल्या भागातील उदाहरणाने लिहिला.

'इन्सिडन्स' आणि 'प्रिव्हॅलन्स' यांतला फरक मला आमच्या बोडीवरून, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावरून, उमगला. पावसाने बोडीत नव्याने येणारे पाणी म्हणजे ठरावीक काळात होणारे नवे रुग्ण; आज बोडीत साठलेले पाणी म्हणजे आजमितीला असलेले एकूण रुग्ण. बरे होणारे व मृत्यू पावणारे हे बोडीतून निघून जाणारे पाणी. जुलाबाचे रुग्ण भराभर येतात आणि भराभर बरे होतात, म्हणून साठा कमी दिसतो. सिकलसेल आजार जन्मापासून आयुष्यभर सोबत राहतो, त्यामुळे वर्षाकाठी मोजकीच बाळे हा आजार घेऊन जन्मली तरी गावातील रुग्णसंख्या साठत जाते. औषधांची मागणी नोंदवताना साठा पाहावा लागतो आणि साथीचा माग काढताना आवक, हे एवढे पक्के झाले की पुढची अनेक प्रकरणे सोपी जातात.

सर्वांत अधिक वेळ मात्र या पाठ्यक्रमातील ओस्वेगोच्या विषबाधेच्या उदाहरणाला द्यावा. न्यूयॉर्क राज्यातील ओस्वेगो परगण्यात १८ एप्रिल १९४० रोजी चर्चमध्ये सामूहिक जेवण झाले. हजर असलेल्या ८० जणांपैकी ७५ जणांची चौकशी झाली, त्यांत ४६ आजारी निघाले. भाजलेले हॅम (डुकराचे मांस) खाणाऱ्या ४६ पैकी २९ जण आजारी होते. एवढेच ऐकले तर संशय त्या मांसावर जातो. पण ते न खाणाऱ्या २९ पैकीही १७ आजारी होते, म्हणजे ६३ टक्के आणि ५९ टक्के, फरक जवळपास नाहीच. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाणाऱ्या २१ पैकी केवळ ३. हे प्रमाण ८० टक्के आणि १४ टक्के, सुमारे साडेपाच पट, असे पडते. आपल्याकडे महाप्रसादानंतर विषबाधा झाली की आपण सलाइन लावलेल्यांनाच विचारतो, "काय खाल्लं होतं?" पंगतीत बसून धडधाकट राहिलेल्यांच्या घरी जाऊन तोच प्रश्न विचारणे तितकेच गरजेचे आहे, कारण तुलना त्यांच्यामुळेच उभी राहते. हा तक्ता मी हाताने तीन वेळा मांडला आणि तिसऱ्यांदा तो खऱ्या अर्थाने समजला.

आलेखांचा धडा पहिल्या वाचनात भरभर उरकला तरी चालेल.

छेदाचे मोल किती, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आमच्याच जिल्ह्यात ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मृत्यूंच्या जोडीला प्रत्येक जन्माचीही नोंद झाली नसती, तर हा आकडा काढताच आला नसता.

दरांचा धडा संपला की आशाताईंकडील कुटुंब सर्वेक्षणाची वही मागून घ्यावी आणि आपल्या उपकेंद्रातील मागील वर्षाच्या जुलाबाच्या नोंदी गावनिहाय दर हजारी काढून पाहाव्यात. तसे करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिरची तोडायला आमच्याकडची अनेक कुटुंबे दोन-दोन महिने तेलंगणात असतात; त्या काळातला दर काढताना वहीतील पूर्ण लोकसंख्येने भागू नये, आशाताईंना विचारून गावात प्रत्यक्ष राहिलेली माणसे मोजावीत आणि त्यांनीच भागावे.